एका काळ्या विशेषणाची कुळकथा

प्रस्तावना

*चिर्नु. हा शब्द त्याच्या मूळ काळातल्या कोणत्याही शिलालेखात, भूर्जपत्रावर किंवा पोथीत सापडलेला नाही. तरीही तो विशेषण होता, त्याचा अर्थ ‘काळा’ असा होता आणि सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी पूर्व युरोपातली स्लाव्ह माणसे तो बोलत होती, असे भाषाशास्त्रज्ञ निःशंकपणे सांगतात. शब्दाआधीची चांदणी ही त्यांची प्रामाणिक खूण आहे. हे रूप कुठे नोंदलेले नसून वंशजांच्या साक्षीवरून मागे जात बांधलेले आहे, एवढेच ती सांगते. आउगुस्ट श्लायखर या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही चांदणी तौलनिक भाषाशास्त्रात रूढ केली, आणि तेव्हापासून या शास्त्राच्या प्रत्येक कोशात तिचा वावर आहे.

या पुस्तकाचा विषय हा एकच शब्द आहे. स्लाव्ह भाषांच्या एका विशेषणासाठी मराठीत एवढी पाने कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे की ज्या प्राचीन शब्दापासून *चिर्नु आला, त्याच शब्दापासून आपला ‘कृष्ण’ आला आहे. हे नाते ऐकीव साम्यावर उभे नाही. ते ज्या नियमांवर उभे आहे त्यांतले बरेचसे मराठी माणसाच्या तोंडात आधीच आहेत, आणि म्हणून ही कथा मराठीत जितकी सहज सांगता येते तितकी युरोपातल्याही अनेक भाषांत येत नाही, असे माझे मत आहे.

आधी वंशज पाहू. रशियनमध्ये ‘काळा’ म्हणजे ‘च्योर्नी’, युक्रेनियन आणि बेलारुशियनमध्ये ‘चोर्नी’, पोलिशमध्ये ‘चार्नी’, चेकमध्ये ‘चेर्नी’, स्लोव्हाकमध्ये ‘चिएर्नी’, बल्गेरियनमध्ये ‘चेरेन’. पूर्व जर्मनीत आजही काही हजार लोक सोर्बियन बोलतात. तिच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या दोन्ही शाखांत हा शब्द आहे. यांच्यात फरक आहे तो मुख्यतः मधल्या स्वराचा. मूळ शब्दात ‘र’च्या आधी एक अतिशय ऱ्हस्व इकार होता. तो पुढे प्रत्येक भाषेत आपापल्या वाटेने गेला: पोलिशमध्ये त्याचा ‘आ’ झाला, चेकमध्ये ‘ए’ आला, रशियनमध्ये आधी ‘ए’ आणि मग कठोर व्यंजनापूर्वी ‘यो’.

दक्षिणेकडे मात्र वेगळेच घडले. स्लोव्हेनियन, सर्बियन, क्रोएशियन आणि मॅसेडोनियन भाषांत हा इकार पूर्ण विरून गेला आणि ‘र’ स्वतःच स्वरासारखा उच्चारला जाऊ लागला. आपल्या व्याकरणात ज्याला ‘ऋ’ म्हणतात तो हाच ध्वनी. आपण तो लिहितो, पण ‘रु’ असा म्हणतो आणि उत्तरेकडचे लोक ‘रि’ असा म्हणतात. बेलग्रेडमधले शाळकरी मूल तो खरोखर ऋसारखा म्हणते. आपण ज्या देशाला सर्बिया म्हणतो त्याचे तिथले नाव ‘सृबिया’ आहे. त्यामुळे स्लोव्हेनियन आणि सर्बियन शब्द देवनागरीत उतरवायचा तर ‘चृन’ असा उतरवावा लागतो, आणि ‘कृष्ण’ शेजारी ठेवल्यावर तो पाहून क्षणभर थबकायला होते. पण इथेच सावध राहायला हवे. सर्बियन ऋ हा प्राचीन ऋ जपून ठेवलेला नाही. प्राचीन ऋचा आधी ‘इर्’ झाला, मग तो ऱ्हस्व इकार नाहीसा झाला आणि ऋ नव्याने जन्मला. एकच ध्वनी एकाच शब्दात दोनदा, मध्ये हजारो वर्षांचे अंतर ठेवून आला आहे.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला फुकट मिळते. आपल्याकडे दोन ‘च’ आहेत: ‘चिमणी’तला तालव्य आणि ‘चमचा’तला दंततालव्य. लिपीत त्यांचा भेद दाखवत नाहीत, पण चुकीचा उच्चार कानाला लगेच खटकतो. स्लोव्हेनियन ‘चृन’मध्ये चिमणीचा च आहे आणि सर्बियन ‘चृन’मध्ये चमच्याचा. मूळ *चिर्नुमध्ये तालव्य च होता. सर्बियन-क्रोएशियनमध्ये तो ‘र’ला चिकटल्यावर दंततालव्य झाला. मराठीतही अ, आ, उ, ओ यांच्या आधी तद्भव शब्दांतला च असाच पुढे सरकून दंततालव्य झाला आणि इकार-एकारापूर्वी तालव्यच राहिला. दोन्ही घटना स्वतंत्र आहेत. पण ज्याच्या जिभेला हा भेद जन्मापासून ठाऊक आहे, त्याला स्लाव्ह ध्वनिशास्त्राचे पहिले प्रकरण अर्धे समजलेले असते.

आता *चिर्नुच्या मागे जाऊ. ‘कृष्ण’मध्ये क आहे आणि *चिर्नुमध्ये च. स्लाव्ह भाषांत इ आणि ए यांच्यासारख्या पुढच्या स्वरांपूर्वी येणारा प्रत्येक जुना क हा च झाला. संस्कृतनेही स्वतंत्रपणे असेच केले होते. ‘करोति’चे भूतकाळी रूप ‘चकार’ होते, ‘ककार’ होत नाही, कारण त्या पहिल्या अक्षरात एके काळी अकार नसून एकार होता. एकार गेला आणि च मागे राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत हे कोडे सुटले, आणि संस्कृत ही युरोपीय भाषांची जननी नसून त्यांची थोरली बहीण आहे हे त्यानंतर कोणाला नाकारता आले नाही.

मग ‘ष’ कुठे गेला? माझ्या मते या कथेतला सर्वांत रसाळ भाग हाच आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. मूळ भारोपीय शब्द *कृस्नोस् असा बांधला जातो, साध्या दंत्य ‘स’चा. संस्कृतात र, उ, क, इ या ध्वनींनंतर आलेला स मूर्धन्य ष होतो, आणि मग त्याच्या शेजारचा न ण होतो. शालेय संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाने षत्व आणि णत्व या नावांनी हे पाठ केले आहे. पाणिनीने आठव्या अध्यायात या विषयाला बरीच जागा दिली आहे. स्लाव्ह भाषांतही नेमक्या याच चार ध्वनींनंतर स बदलतो. तिथे त्याचा ‘ख’ होतो, कंठातून घासत येणारा, फारसी ‘खबर’मधल्यासारखा. डेन्मार्कच्या होल्गर पेडरसेन यांनी 1895मध्ये स्लाव्हमधल्या या बदलाची नीट मांडणी केली. त्या चार ध्वनींवरून त्याला आज ‘रुकि’ नियम म्हणतात.

हा नियम घरातल्या शब्दांत पाहावा. संस्कृत ‘स्नुषा’. उकारानंतर स आला, त्याचा ष झाला; प्राकृतात ‘सुण्हा’, मराठीत ‘सून’. रशियनमध्ये तोच शब्द ‘स्नोखा’ आहे आणि त्याचाही अर्थ सून. संस्कृत ‘शुष्क’, मराठी ‘सुका’; रशियन ‘सुखोय’ म्हणजे कोरडा, सुका. पावेल सुखोय या विमानशिल्पकाराचे आडनाव तेच, आणि त्याच्या नावाची लढाऊ विमाने नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधली गेली आहेत. ती डोक्यावरून जाताना आपण ‘सुखोई’ म्हणतो तेव्हा नकळत रुकि नियमाचे एक उदाहरण उच्चारत असतो.

तर *कृस्नोस्चे स्लाव्हमध्ये आधी *किर्स्नस्, मग *किर्ख्नु, मग *चिर्ख्नु झाले. र आणि न यांच्या मध्ये अडकलेला ख टिकणे कठीण होते. तो गळला आणि *चिर्नु उरला. प्राकृताकडे पाहिले तर हाच ध्वनी तिथेही कमकुवत ठरलेला दिसतो. ‘कृष्ण’चा ‘कण्ह’ झाला, ष विरून नुसता हकार उरला आणि तोही णच्या मागे जाऊन बसला. त्या ‘कण्ह’पासून आपला कान्हा, कान्होबा, कान्होजी. म्हणजे पूर्व युरोपात आणि गोदावरीच्या काठी, एकमेकींची गंधवार्ता नसताना, दोन भाषांनी एकाच शब्दाच्या एकाच जागी हात सैल केला. या साम्याला नियम म्हणता येणार नाही. तरीही मानवी जीभ कुठे थकते हे त्यातून दिसते, आणि मला ते नियमाइतकेच मोलाचे वाटते.

मात्र अर्थाच्या बाबतीत दोन्हीकडच्या वाटा फुटल्या. स्लाव्ह भाषांत हा शब्द रोजच्या वापरातले, बाजारातले, मातीतले विशेषण राहिला. मराठीत रंगाचे काम ‘काळा’ने, म्हणजे संस्कृत ‘काल’च्या वंशजाने, घेतले. ‘कृष्ण’ उरला तो देवाच्या नावात, नदीच्या नावात, आणि कृष्णपक्ष, कृष्णविवर अशा तत्सम शब्दांत. ‘कान्हा’ म्हणताना कोणालाही रंग आठवत नाही. ऋग्वेदात मात्र तो पुरता रंगवाचक आहे. सहाव्या मंडलातल्या एका सूक्तात रात्रीला काळा दिवस आणि दिवसाला पांढरा दिवस म्हटले आहे. तिथे काळ्यासाठी ‘कृष्ण’ आणि पांढऱ्यासाठी ‘अर्जुन’ हे शब्द आहेत. उदात्त शेवटच्या स्वरावर असला की ‘कृष्ण’ म्हणजे काळा. पहिल्यावर आला की तोच शब्द काळवीट होतो. आकर्षून घेणारा तो कृष्ण, ही ‘कृष्’ धातूवरून दिलेली व्युत्पत्ती भक्तीच्या अंगाने सुंदर आहे आणि तिचा मान वेगळा आहे. ऐतिहासिक तुलना मात्र रंगाकडेच बोट दाखवते.

त्या तुलनेतला सर्वांत भक्कम साक्षीदार एका मेलेल्या भाषेतून येतो. बाल्टिक समुद्राच्या काठी प्राचीन प्रशियन नावाची भाषा होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीस ती संपली. 1400च्या आसपास उतरवलेली 802 शब्दांची एक जर्मन-प्रशियन शब्दसूची आज एल्बिंग शब्दसंग्रह म्हणून ओळखली जाते. तिच्यात ‘काळा’ या जर्मन शब्दासमोर लिहिले आहे: किर्स्नन्. इथे क अजून क आहे, स अजून स आहे. स्लाव्हने जे गमावले आणि संस्कृतने जे बदलले ते दोन्ही या एका नोंदीत शाबूत आहे. ती सूची कुणी उतरवली नसती तर *चिर्नु आणि कृष्ण यांच्यामधला हा टप्पा आपल्याला अंदाजानेच भरावा लागला असता.

लिथुआनियनमध्ये आज काळ्याला वेगळाच शब्द आहे. पण नद्या शब्दांपेक्षा हट्टी असतात. दक्षिण लिथुआनियात ‘किर्स्ना’ नावाची एक लहान नदी आहे. महाबळेश्वरला उगम पावून वाई, कराड, सांगली करीत जाणारी आपली कृष्णा आणि ही किर्स्ना, यांची नावे एकाच विशेषणाची आहेत. मॅसेडोनियात याच अर्थाची ‘चृना रेका’ आहे, क्रिमियात ‘च्योर्नाया’ आहे, आणि पीटर्सबर्गच्या ‘च्योर्नाया रेच्का’ या ओढ्याकाठी 1837च्या हिवाळ्यात पुश्किनला द्वंद्वात गोळी लागली.

हे नाते कळले की मन लगेच पुढे धावते, आणि इथे लगाम घालायला हवा. रशियन ही संस्कृतची मुलगी, स्लाव्ह हे मूळचे वैदिक, असली विधाने भारतातही होतात आणि रशियातही. त्यांतून दोन्ही भाषांचा अपमान होतो. *चिर्नु संस्कृतातून उसना घेतलेला नाही. तसे असते तर प्रशियन शब्दात ‘स’ दिसला नसता आणि स्लाव्ह शब्दाने आपल्या घरच्या नियमांनी इतकी वळणे घेतली नसती. तो मधल्या इराणी लोकांकडून आला असेही म्हणता येत नाही, कारण त्यांचा काळ्याचा नेहमीचा शब्द वेगळ्या मुळाचा आहे, संस्कृत ‘श्याव’च्या नात्यातला. त्याचेच फारसी रूप ‘सियाह’.

असाच दुसरा मोह देवांचा. बाराव्या शतकात हेल्मोल्ड नावाच्या जर्मन पाद्र्याने पश्चिमेकडच्या स्लाव्हांविषयी लिहिले की ते मेजवानीत पात्र फिरवतात आणि अशुभ देवाला ‘काळा देव’ म्हणतात. त्याने दिलेले नाव म्हणजे चेर्नोबोग. त्याच्यासमोर उभा केला जाणारा ‘पांढरा देव’ हेल्मोल्डच्या मजकुरात नाही, तो नंतरच्या लेखकांनी जोडला. नावातले विशेषण कृष्णाच्या नावातल्याच मुळाचे आहे, हे खरे. त्यावरून दैवते एक ठरवणे म्हणजे दोन माणसांचे आडनाव काळे आहे म्हणून त्यांना सख्खे भाऊ मानणे होय. आडनावावरून आठवले: बीथोव्हनचा शिष्य कार्ल चेर्नी, ज्याचे स्वरपाठ पियानो शिकणारी मुले अजून गिरवतात, त्याचे घराणे चेक, आणि आडनावाचा अर्थ अक्षरशः काळे.

नियमांचा भाग संपवण्यापूर्वी आणखी एक जोड सांगायला हवी. स्लाव्ह विशेषणांना एकेकाळी दोन रूपे होती, आखूड आणि लांब. लांब रूप आखूड रूपाला एक सर्वनाम चिकटून झाले, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते ते सर्वनाम संस्कृत ‘यः’च्या घराण्यातले आहे. रशियन ‘च्योर्नी’ म्हणजे मुळात ‘कृष्ण’ अधिक ‘य’. सर्बियनमध्ये हा भेद अजून जिवंत आहे. कोणताही एक काळा घोडा असेल तर ‘चृन’, अमुक तोच काळा घोडा असेल तर ‘चृनी’.

आता शब्दाच्या प्रत्यक्ष आयुष्याकडे. 863मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रचारक भाऊ मोराव्हियात गेले आणि स्लाव्ह भाषेला लिपी मिळाली. त्यानंतरच्या पिढ्यांत बल्गेरियात एका भिक्षूने स्लाव्ह लिपीचे समर्थन करणारा छोटा ग्रंथ लिहिला. पूर्वी आमच्या लोकांकडे पुस्तके नव्हती, ते रेघा आणि खाचांनी मोजत असत, असे त्यात तो सांगतो. लेखकाचे नाव आपल्यापर्यंत ‘चेर्नोरिझेत्स ह्राबर’ असे आले आहे. चेर्नोरिझेत्स म्हणजे काळा झगा घातलेला, संन्यासी. स्लाव्ह लिपीची बाजू मांडणाऱ्या या माणसाच्या नावातच हे विशेषण आहे. आणि त्याने जिने लिहिले ती शाई? रशियनमध्ये शाईला ‘चेर्निला’ म्हणतात, रुमेनियनने स्लाव्हकडून घेऊन ‘चेर्न्याला’ केले. आपली ‘शाई’ही फारसी ‘स्याही’ची, म्हणजे काळेपणाचीच. रशियन माणूस निळ्या चेर्निलाने लिहितो आणि मराठी माणूस निळ्या शाईने; दोघांनाही त्यात काही विसंगत वाटत नाही.

रशियात या शब्दाने करवसुलीच्या वह्यांतही घर केले. कर भरणाऱ्या जमिनी आणि वस्त्या ‘काळ्या’, करमाफीच्या ‘पांढऱ्या’. शहरांतल्या पांढऱ्या वस्त्यांची ही सवलत 1649च्या कायदेसंहितेने काढून घेतली. सरकारी जमीन कसणारे, कोणा सरदाराचे दास नसलेले शेतकरी ‘काळ्या नांगराचे’ म्हणवले जात. म्हणून 1879मध्ये क्रांतिकारक प्लेखानोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपल्या गटाला ‘च्योर्नी पेरेद्येल’ नाव दिले, तेव्हा त्याचा अर्थ सामान्य जनांमध्ये जमिनीची फेरवाटणी असा होता. पुढे 1905च्या धामधुमीत ज्यूंवर हल्ले करणाऱ्या कडव्या राजनिष्ठ टोळ्यांनी ‘काळी सोत्न्या’, म्हणजे काळी शंभरी, हे जुने नागरी नाव उचलले, आणि ते कायमचे डागाळले. एकच विशेषण सुमारे पंचवीस वर्षांत दोन विरुद्ध टोकांना गेले. कच्च्या खर्ड्याला ‘चेर्नोविक’, मागच्या दाराला ‘काळी वाट’, राय धान्याच्या पावाला ‘काळा पाव’, अडीअडचणीसाठी राखलेल्या पैशाला ‘काळ्या दिवसाचा’ पैसा, असे कितीतरी प्रयोग रशियनमध्ये आहेत. सर्बियात आपण जिला लाल म्हणतो ती द्राक्षाची वाइन काळी असते. पोलंडमध्ये पूर्वी मागणी घालायला आलेल्या मुलाला बदकाच्या रक्ताचे ‘काळे’ सूप वाढले की नकार समजायचा. मित्स्क्येविचच्या 1834च्या ‘पान तादेउश’ या महाकाव्यात ही चाल आहे.

हा शब्द जगभर गेला तो मातीमुळे. वासिली दोकुचायेव्हचा ‘रशियन चेर्नोझ्योम’ हा ग्रंथ 1883मध्ये निघाला. माती हा निव्वळ खडकाचा भुगा नसून हवामान, वनस्पती, प्राणी, उतार आणि काळ यांनी घडवलेली वस्तू आहे, हा विचार त्यातून रुजला आणि ‘चेर्नोझ्योम’, म्हणजे काळी भुई, हा शब्द सगळ्या भाषांच्या मृदाशास्त्रात गेला. विदर्भ-मराठवाड्यातली आपली काळी जमीन तिच्याहून निराळी आहे. आपली बेसाल्टच्या झिजेतून आलेली, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिकडची गवताळ मैदानांच्या कुजलेल्या मुळांनी काळी झालेली. शेतकऱ्याने मात्र दोन्हीकडे तिला रंगावरूनच हाक मारली.

आणि 26 एप्रिल 1986नंतर ज्या नावाचा उच्चार भीतीशिवाय होत नाही, ते चेर्नोबिल. गाव जुने आहे, 1193पासून त्याचा उल्लेख मिळतो. नाव एका झाडाचे आहे: ‘काळ्या दांड्याची’ एक रानवनस्पती, आपल्याकडे जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्या जातकुळीतली. बायबलातल्या कडू दवण्याच्या ताऱ्याशी या नावाची सांगड घालून अपघाताची भविष्यवाणी शोधणारे लेख खूप लिहिले गेले. ते झाड वेगळे, त्याचे युक्रेनियन नावही वेगळे.

उलट, नावात काळेपणा दिसला म्हणून ते नाव स्लाव्हांचेच असे मानू नये. काळ्या समुद्राच्या नावामागे जुना इराणी शब्द आहे, तो ग्रीकांनी ऐकला आणि आपल्या अर्थाने वळवला. जुने रूस लोक त्याला आपल्या नावाने रूसी समुद्र म्हणत. आणि जिथे स्लाव्ह भाषा आज बोलली जात नाही तिथे विशेषण मागे राहिले आहे. हंगेरीतले चोंग्राद म्हणजे मुळात ‘काळा गड’, रुमेनियात डॅन्यूबकाठचे चेर्नावोदा म्हणजे ‘काळे पाणी’.

हे सगळे आपल्यासमोर आहे ते कोशकारांमुळे. मिक्लोशिचचा स्लाव्ह व्युत्पत्तिकोश 1886चा. माक्स फास्मर यांनी 1938मध्ये रशियन व्युत्पत्तिकोशाचे काम सुरू केले. जानेवारी 1944मध्ये बर्लिनवरच्या बाँबहल्ल्यात त्यांचे ग्रंथालय आणि जमवलेल्या टिपणांचा साठा जळाला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि 1950 ते 1958 या काळात तीन खंड प्रसिद्ध केले. त्यांचा रशियन अनुवाद करणारे ओलेग त्रुबाचोव्ह यांनी 1974पासून सर्व स्लाव्ह भाषांच्या समाईक शब्दांचा महाकोश काढायला घेतला. *चिर्नुची नोंद त्याच्या चौथ्या खंडात आहे. आपल्याकडे कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ 1946चा. त्या कृष्णाजींचे स्वतःचे नाव या शब्दकुळातले होते. त्यानंतर मराठीत या तोडीचे व्युत्पत्तीचे काम फार थोडे झाले, याची खंत हे पुस्तक लिहिताना सतत सोबत होती.

लेखनाविषयी थोडे. पुस्तकभर स्लाव्ह रूपे देवनागरीत दिली आहेत. पुनर्रचित रूपांतला ऱ्हस्व इकार आणि उकार आपल्या नेहमीच्या इ-उहूनही तोकडा समजावा. *चिर्नुतला शेवटचा उ हा जुन्या ‘-ओस्’चा अवशेष आहे, संस्कृतात त्याचाच विसर्ग झाला. पुढच्या प्रकरणांत दंततालव्य च जिथे आहे तिथे त्याखाली बिंदू दिला आहे. ज्यांना ध्वनिनियमांची सवय नाही त्यांनी नद्या आणि गावांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि मग मागे यावे. ज्यांना ती आहे त्यांनी प्रशियन शब्दसूचीवरच्या प्रकरणातली रूपे संस्कृताशी स्वतः ताडून पाहावीत आणि जिथे माझा निष्कर्ष पटणार नाही तिथे समासात लिहून ठेवावे.